गणिताचा अभ्यास: पुस्तक मिटल्यावर कोऱ्या कागदावर

पुस्तकातील सोडवलेले उदाहरण वाचताना प्रत्येक ओळ पटत जाते, शेवटी उत्तर आले की समाधान वाटते आणि प्रकरण समजले अशी खूणगाठ बांधून विद्यार्थी पुढच्या पानाकडे वळतो. दोन दिवसांनी तेच उदाहरण केवळ आकडे बदलून समोर आले, तर पहिली ओळसुद्धा सुचत नाही. “वाचताना सगळे समजले होते, पण सोडवताना जमत नाही” ही तक्रार मी शिकवताना इतक्या वेळा ऐकली आहे, की तिच्याविषयी सविस्तर लिहावे असे फार दिवसांपासून मनात होते. ही तक्रार अगदी खरी असते आणि ती करणाऱ्या विद्यार्थ्याची बुद्धी कमी आहे असे मुळीच नसते. वाचणे आणि सोडवणे ही दोन वेगळी कामे आहेत. वाचताना आपण या ओळीवरून पुढची ओळ निघते का, एवढेच तपासत असतो. सोडवताना मात्र या ओळीवरून निघू शकणाऱ्या अनेक ओळींपैकी नेमकी कोणती लिहायची हे ठरवावे लागते, आणि ती निवड कशी झाली हे छापील उत्तरात कुठेच लिहिलेले नसते.

म्हणून गणित समजले की नाही हे ओळखण्याची एकच कसोटी मी विद्यार्थ्यांना सांगतो. पुस्तक मिटावे, कोरा कागद घ्यावा आणि ती गोष्ट पहिल्यापासून उभी करता येते का ते पाहावे. जिथे हात थांबेल तिथपर्यंत आपल्याला समजले आहे. त्यापुढचे अजून समजायचे आहे. ही केवळ परीक्षा घेण्याची रीत नसून शिकण्याचीही रीत आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा वाचला आणि काहींनी तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणाऱ्यांना अधिक आठवत होते. तो प्रयोग गद्य उताऱ्यांवर होता, गणितावर नव्हता; तरीही पुन्हा वाचल्याने लगेच वाटणारा आत्मविश्वास किती फसवा असतो, हे त्यातून स्पष्ट दिसते.

गणिताचे पुस्तक कसे वाचावे

गणिताचे पुस्तक हातात पेन्सिल घेतल्याशिवाय उघडू नये. सोडवलेले उदाहरण वाचताना उत्तरावर एक कागद ठेवावा, प्रश्न वाचावा, पहिली ओळ काय असेल ते स्वतः लिहावे आणि मग कागद एक ओळ खाली सरकवावा. आपली ओळ आणि पुस्तकातील ओळ जुळली तर पुढे जावे. जुळली नाही तर आपली ओळ चुकीची आहे, की ती बरोबर असून वाट वेगळी आहे, याचा विचार करावा. या पद्धतीने एका तासात दोनच पाने होतात आणि सुरुवातीला वेळ वाया जात असल्यासारखे वाटते. पण तीच दोन पाने नंतर पुन्हा वाचावी लागत नाहीत.

प्रत्येक पायरीपाशी “हे का?” असे विचारण्याची सवय लागली, की सूत्रांमागचे चित्र दिसू लागते. वर्गसमीकरण सोडवण्याची पूर्ण वर्ग पद्धत घ्या. क्षच्या सहगुणकाच्या निम्म्याचा वर्ग दोन्ही बाजूंना मिळवावा, हे वाक्य बहुतेकांना पाठ असते. निम्माच का आणि त्याचा वर्गच का, हे फार थोड्यांनी स्वतःला विचारलेले असते. नवव्या शतकातील गणिती अल-ख्वारिझ्मी याने घेतलेले समीकरणच येथे घेऊ: क्ष² + १०क्ष = ३९. क्ष बाजूचा एक चौरस कागदावर काढा. त्याला क्ष लांबीचा आणि १० रुंदीचा एक आयत जोडायचा आहे. तो आयत एकाच बाजूला जोडला तर लांबट आकृती तयार होते आणि तिचे काही करता येत नाही. म्हणून आयताचे प्रत्येकी ५ रुंदीचे दोन भाग करा. एक भाग चौरसाच्या उजवीकडे आणि दुसरा खाली जोडा. आता आकृती जवळजवळ मोठ्या चौरसासारखी दिसते, फक्त खालच्या उजव्या कोपऱ्यात ५ बाजूच्या चौरसाएवढी जागा रिकामी आहे. ती भरण्यासाठी २५ हवेत. ३९ मध्ये २५ मिळवले की ६४ होतात, म्हणजे मोठ्या चौरसाची बाजू ८, आणि त्यातून ५ वजा केले की क्ष = ३.

ही आकृती एकदा स्वतःच्या हाताने काढली, की निम्मा का घ्यायचा आणि वर्ग का मिळवायचा हे पाठ करण्याची गरज उरत नाही. मात्र येथेच थांबू नये. या समीकरणाला आणखी एक उकल आहे, −१३, आणि ती या आकृतीत कुठेच दिसत नाही, कारण लांबी ऋण असू शकत नाही. अल-ख्वारिझ्मीनेही फक्त धन उकलच दिली होती. (क्ष + ५)² = ६४ असे लिहिले, की क्ष + ५ ची किंमत ८ किंवा −८ असू शकते हे बीजगणित आपल्याला सांगते. आकृतीने अर्थ कळला आणि अक्षरांनी तिच्यात न मावणारी उकल दाखवली. एकाच गोष्टीकडे असे दोन्ही अंगांनी पाहता येणे आणि प्रत्येकाची मर्यादा ओळखता येणे, याला मी समजणे म्हणतो. ज्यांना आणखी पुढे जायचे आहे त्यांनी दोन्ही बाजूंना क्ष² च्या सहगुणकाच्या चौपटीने आधी गुणण्याची श्रीधराचार्यांची रीत करून पाहावी आणि तिच्यात अपूर्णांक का टळतात याचा शोध घ्यावा.

व्याख्या आणि प्रमेये

गणितात पाठांतर नको असे सरसकट सांगितले जाते ते मला पटत नाही. पाढे, नित्य समानता, मुख्य सूत्रे आणि व्याख्या तोंडपाठ हव्यातच. सात आठे छप्पन्न हे आठवण्यात ज्याचे लक्ष खर्च होते, त्याच्याकडे समीकरणाची रचना पाहण्यासाठी लक्ष शिल्लक राहत नाही. मात्र पाठ केलेल्या गोष्टीचे कारण एकदा तरी स्वतः शोधलेले असावे. ऋण गुणिले ऋण धन होते हा नियम घ्या. २ + (−२) म्हणजे शून्य, म्हणून (−३) × [२ + (−२)] हेही शून्यच. कंस सोडवला तर पहिला गुणाकार −६ येतो. बेरीज शून्य व्हायची असेल, तर (−३) × (−२) ची किंमत +६ असल्यावाचून गत्यंतर नाही. वितरणाचा गुणधर्म ऋण संख्यांनाही लागू राहावा, एवढीच आपली अट होती आणि नियम तिच्यातून आपोआप बाहेर आला.

व्याख्येचा अभ्यास कसा करावा हे बहुधा कोणी शिकवत नाही. व्याख्या शब्दशः लिहावी, तिच्यात बसणारी तीन उदाहरणे द्यावीत आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे तिच्यात थोडक्यासाठी न बसणारी दोन उदाहरणे शोधावीत. ज्या संख्येला १ आणि ती संख्या असे नेमके दोनच विभाजक असतात ती मूळ संख्या, या व्याख्येतील “नेमके दोन” हे शब्द १ ला बाहेर ठेवतात. १ ला बाहेर का ठेवायचे? ते आत घेतले, तर ६ चे मूळ अवयव २ × ३, १ × २ × ३, १ × १ × २ × ३ असे कितीही प्रकारे लिहिता येतील आणि प्रत्येक संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात हे महत्त्वाचे विधान कोसळेल. व्याख्येतील प्रत्येक शब्द असा कामासाठी ठेवलेला असतो आणि तो काढून टाकल्यावर काय बिघडते हे पाहिले, की त्याचे काम कळते.

महाविद्यालयात कलन (कॅल्क्युलस) शिकणाऱ्यांना हे अधिकच लागू पडते. पेन न उचलता आलेख काढता आला तर फल (फंक्शन) संतत, ही समजूत सुरुवातीला मदत करते; पण केवळ तिच्यावर विसंबणाऱ्याला संतत फल बहुतेक ठिकाणी विकलनीय असणारच, म्हणजे तिथे आलेखाला निश्चित उतार असणारच, असे वाटू लागते. क्षच्या केवल मूल्याचा आलेख शून्यापाशी टोकदार आहे. तिथे फल संतत आहे, पण विकलनीय नाही. जर्मन गणिती कार्ल वायरस्ट्रास याने तर १८७२ साली सर्वत्र संतत आणि कुठेही विकलनीय नसलेले फल सादर केले. असे फल पाहिले, की व्याख्या इतकी काटेकोर भाषेत का लिहावी लागते हे उमगते.

प्रमेय वाचताना पक्ष (दिलेल्या अटी) आणि साध्य (सिद्ध करायचे विधान) वेगळे लिहून काढावेत. मग पक्षातील एक अट गाळून पाहावी आणि सिद्धता नेमकी कोणत्या ओळीपाशी अडते ते शोधावे. त्यानंतर व्यत्यास, म्हणजे पक्ष आणि साध्य यांची अदलाबदल करून मिळणारे विधान, खरा आहे का, असे विचारावे. युक्लिडच्या ग्रंथात पहिल्या पुस्तकाचे ४७ वे विधान पायथागोरसचे प्रमेय आहे आणि लगेच ४८ वे विधान त्याचा व्यत्यास आहे. दोन्हींची सिद्धता त्याने स्वतंत्रपणे दिली, कारण एक खरे असल्याने दुसरे खरे ठरत नाही.

सिद्धतेतून नेमके काय सिद्ध झाले, हेही तपासून पाहण्याची सवय हवी. मूळ संख्या अनंत आहेत हे सांगणारी युक्लिडची सिद्धता अनेकांना आवडते आणि अनेक जण ती चुकीच्या रीतीने लक्षात ठेवतात. पहिल्या काही मूळ संख्यांचा गुणाकार करून त्यात १ मिळवला की नवी मूळ संख्या मिळते, असे ते सांगतात. २ × ३ × ५ × ७ × ११ × १३ करा, ३०,०३० येतात. त्यात १ मिळवला की ३०,०३१. ही संख्या मूळ नाही; ती ५९ × ५०९ आहे. सिद्धता तरीही अबाधित राहते, कारण ती संख्या स्वतः मूळ असेल असे तिच्यात म्हटलेलेच नाही. तिला विभागणारी मूळ संख्या आपल्या यादीबाहेरची असेल, इतकेच म्हटले आहे, आणि ५९ व ५०९ दोन्ही यादीबाहेरच्या आहेत. अशी एक संख्या स्वतः पडताळून पाहिल्याने सिद्धता जितकी पक्की होते, तितकी ती दहा वेळा वाचूनही होत नाही.

मुळात सिद्धता कशासाठी, असे अनेक विद्यार्थी प्रामाणिकपणे विचारतात, आणि त्यांना मी एक वर्तुळ काढायला सांगतो. वर्तुळावर दोन बिंदू घेऊन ते जोडले तर वर्तुळाचे २ भाग होतात. तीन बिंदू घेऊन प्रत्येक जोडी जोडली तर ४, चार बिंदूंनी ८, पाच बिंदूंनी १६. सहा बिंदूंनी किती, असे विचारताच ३२ हे उत्तर ठामपणे येते. मग तीन जीवा आतल्या एकाच बिंदूतून जाणार नाहीत याची काळजी घेऊन सहा बिंदूंची आकृती मोठी काढावी आणि भाग सावकाश मोजावेत. ते ३१ भरतात. मोजणी चुकली असे समजून विद्यार्थी पुन्हा मोजतात, पुन्हा ३१ च येतात, आणि त्या क्षणी सिद्धतेची गरज त्यांना पटलेली असते.

अडकल्यावर काय करावे

अभ्यासाचा सर्वांत मोलाचा वेळ कोणता असे कोणी विचारले, तर प्रश्न वाचून झाल्यापासून उत्तर पाहेपर्यंतचा वेळ, असे मी सांगेन. दुर्दैवाने हाच वेळ विद्यार्थी सर्वांत आधी वाचवू पाहतात. दोन मिनिटे सुचले नाही की मागचे पान किंवा मार्गदर्शक उघडला जातो आणि हल्ली तर मोबाइलवर संपूर्ण उत्तर क्षणात मिळते. त्या उत्तरातील सर्व पायऱ्या बरोबर असतात, पण त्या शोधण्याची मेहनत दुसऱ्याची असते.

अडकल्यावर करण्यासारख्या गोष्टी खूप आहेत आणि त्या एका उदाहरणावर दाखवणे बरे. प्रश्न असा आहे: कोणत्याही चार क्रमागत नैसर्गिक संख्यांच्या गुणाकारात १ मिळवला, तर उत्तर पूर्ण वर्ग असते हे सिद्ध करा.

पहिल्यांदा बहुतेक जण पहिल्या संख्येला स म्हणतात आणि स(स + १)(स + २)(स + ३) + १ हा गुणाकार पूर्ण करून टाकतात. स⁴ + ६स³ + ११स² + ६स + १ अशी लांबलचक बहुपदी मिळते. ती बरोबर आहे, पण ती कशाचा वर्ग आहे हे तिच्याकडे पाहून चटकन सांगता येत नाही. येथे हात थांबतो. आता पुस्तक उघडण्याऐवजी लहान संख्या घेऊन पाहावे. १ × २ × ३ × ४ + १ म्हणजे २५, जो ५ चा वर्ग आहे. २ × ३ × ४ × ५ + १ म्हणजे १२१, ११ चा वर्ग. पुढचे ३६१, म्हणजे १९ चा वर्ग. त्यापुढचे ८४१, म्हणजे २९ चा. विधान खरे वाटते, इतका विश्वास तर मिळाला. शिवाय हातात चार संख्या आल्या: ५, ११, १९, २९. या संख्या सुरुवातीच्या १, २, ३, ४ वरून कशा मिळतील? त्यांच्यातील फरक ६, ८, १० आहेत, म्हणजे वाढ एकसारखी नाही. कुठेतरी स चा वर्ग दडलेला असणार. प्रत्येकीतून १ वजा करून पाहू: ४, १०, १८, २८. हे तर १ × ४, २ × ५, ३ × ६, ४ × ७ आहेत. म्हणजे चौघांपैकी पहिली आणि शेवटची संख्या यांचा गुणाकार.

येथे एकदम उजेड पडतो. चारही संख्या एका दमात गुणण्याऐवजी पहिली आणि शेवटची एकत्र घ्यावी, मधल्या दोन एकत्र घ्याव्यात. स(स + ३) म्हणजे स² + ३स, आणि (स + १)(स + २) म्हणजे स² + ३स + २. दोन्हींत केवळ २ चा फरक आहे. पहिल्याला म म्हटले, तर संपूर्ण राशी म(म + २) + १ होते, म्हणजे म² + २म + १, म्हणजेच (म + १)².

पुस्तकात हे उत्तर तीन ओळींत असेल आणि त्याची सुरुवात “समजा म = स² + ३स” अशी असेल. वाचणाऱ्याला वाटेल की असे मानावे हे सुचायला जन्मजात प्रतिभाच लागत असणार. खरे पाहता ते मानणे शेवटी सुचले. त्याआधी एक वाट बंद झाली, चार गुणाकार केले, फरक पाहिले, एक वजा करून पाहिले. छापताना हे सगळे कच्चे काम गळून जाते. म्हणून कच्चे काम खोडू नये, फाडू नये. ते वहीच्या डाव्या पानावर राहू द्यावे आणि पक्के उत्तर उजव्या पानावर लिहावे. महिन्याभराने डावी पाने चाळली, की आपल्याला कशा प्रकारे सुचते हे स्वतःलाच कळू लागते.

लहान संख्या घेणे ही एक युक्ती झाली. आकृती काढणे, काय दिले आहे आणि काय काढायचे आहे हे स्वतःच्या शब्दांत लिहिणे, एखादी अट सैल करून सोपा प्रश्न आधी सोडवणे, साध्याकडून पक्षाकडे उलटे येऊन पाहणे, पूर्वी सोडवलेल्या एखाद्या प्रश्नाशी याचे साम्य आहे का ते आठवणे, या इतर युक्त्याही अशाच वापराव्यात. अर्धा तास मनापासून प्रयत्न करूनही मार्ग दिसला नाही, तर प्रश्न बाजूला ठेवून दुसरे काम करावे. फ्रेंच गणिती आन्री पॉइन्कारे याने स्वतःविषयी सांगितले आहे, की एका प्रश्नावर बरेच दिवस झटल्यानंतर तो प्रवासाला निघाला आणि घोडागाडीच्या पायरीवर पाऊल ठेवताना, गणिताचा विचारही मनात नसताना, त्याला हवी ती कल्पना सुचली. आधी झटून केलेले काम नसेल तर अशी कल्पना सुचत नाही, हेही त्याने तितकेच स्पष्टपणे सांगितले आहे. अँड्र्यू वाइल्स याने फर्माच्या शेवटच्या प्रमेयाची सिद्धता जून १९९३ मध्ये जाहीर केली, तेव्हा त्यामागे सात वर्षांचे काम होते. तरी तपासणीत तिच्यात एक त्रुटी सापडली आणि ती दूर व्हायला सप्टेंबर १९९४ उजाडला. अडकणे हा या विषयाचा नेहमीचा भाग आहे आणि अडकलेला विद्यार्थी गणितच करत असतो, हे त्याला वेळोवेळी कोणीतरी सांगायला हवे.

उत्तर पाहायचेच झाले, तर पहिली ओळ पाहून पुस्तक मिटावे आणि पुन्हा प्रयत्न करावा. सगळे उत्तर पाहावे लागले, तर आपल्याला नेमकी कोणती गोष्ट सुचली नाही ते एका वाक्यात लिहून ठेवावे आणि दोन-तीन दिवसांनी तेच उदाहरण न पाहता सोडवावे.

चुका आणि ताळा

चुकलेल्या उदाहरणावर फुली मारून पुढे जाणे म्हणजे हाती आलेली माहिती टाकून देणे. चूक कोणत्या जातीची आहे ते आधी ठरवावे. हातचा विसरला किंवा चिन्ह बदलायचे राहिले, ही हाताची चूक आहे आणि ती सावकाशीने व ताळ्याने जाते. प्रश्नात त्रिज्या दिली असताना व्यास धरला, ही वाचण्यातील चूक आहे. पण (अ + ब)² म्हणजे अ² + ब² असे लिहिले, तर ती समजुतीची चूक आहे आणि तिच्यासाठी थांबावेच लागते. अ = ३ आणि ब = ४ घेतले, की डावी बाजू ४९ आणि उजवी २५ येते; बाकीचे २४ कुठे गेले हे चौरसाची आकृती काढून शोधले, की ३ × ४ चे दोन आयत समोर येतात. समजुतीच्या चुकांसाठी एक वेगळी वही ठेवावी. तिच्यात चूक, तिचे कारण आणि ती उघडी पाडणारे एक उदाहरण, इतके लिहिले तरी पुरे.

ताळा पाहणे हे परीक्षेतील वेळ उरला तर करायचे काम आहे असा समज आहे. कित्येकदा ताळा हा उत्तराचाच भाग असतो. √(क्ष + ६) = क्ष हे समीकरण सोडवताना दोन्ही बाजूंचा वर्ग केला, की क्ष² − क्ष − ६ = ० मिळते आणि क्ष = ३ किंवा क्ष = −२ अशी दोन उत्तरे येतात. ३ घातले तर दोन्ही बाजू ३ येतात. −२ घातले तर डावी बाजू २ आणि उजवी −२ येते, म्हणजे ही उकल नव्हेच. सगळ्या पायऱ्या बरोबर असताना चुकीचे उत्तर आले कुठून? दोन संख्या समान असतील तर त्यांचे वर्ग समान असतात, पण वर्ग समान असल्याने संख्या समान ठरत नाहीत. वर्ग करण्याची पायरी पुढे जाते, तिच्यावरून मागे येता येईलच असे नाही. ज्या पायरीवरून मागे येता येत नाही, तिच्यानंतर ताळा सक्तीचा आहे. हा एक विचार पक्का झाला, की अनेक प्रकरणांतील “ही किंमत का सोडून दिली?” हा गोंधळ कायमचा मिटतो.

लिहिण्याच्या शिस्तीविषयीही एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. ३ आणि ४ ची बेरीज करून तिची दुप्पट करायची असेल, तर ३ + ४ = ७ × २ = १४ असे लिहिलेले मी वरच्या वर्गांतही पाहिले आहे. उत्तर बरोबर आहे, पण लिहिलेले विधान खोटे आहे, कारण ३ + ४ ची किंमत १४ नाही. बरोबरचे चिन्ह “आता पुढची पायरी” या अर्थाने वापरण्याची सवय बीजगणितात फार महाग पडते. उत्तर पूर्ण वाक्यांत लिहावे, “म्हणून”, “परंतु”, “समजा” हे शब्द जागच्या जागी वापरावेत आणि लिहून झाल्यावर स्वतःलाच मोठ्याने वाचून दाखवावे; जे वाचताना अडखळते, तिथे बहुधा विचारही अडखळलेला असतो.

सराव, प्रश्न विचारणे आणि मागे राहिलेले

एका पद्धतीची वीस उदाहरणे सलग सोडवली की हात बसतो, यात शंका नाही. पण प्रकरणाच्या शेवटी दिलेल्या उदाहरणांत कोणती पद्धत वापरायची हे प्रकरणाच्या नावानेच सांगून टाकलेले असते, आणि परीक्षेत तेच कोणी सांगत नाही. डग रोहरर आणि केली टेलर यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना चार वेगवेगळ्या घनाकृतींचे घनफळ काढायला शिकवले होते. एकेका प्रकारची उदाहरणे सलग सोडवणारे सरावाच्या वेळी पुढे होते. आठवड्याने झालेल्या चाचणीत मात्र मिसळलेली उदाहरणे सोडवणारे बरेच पुढे गेले. म्हणून नवे प्रकरण शिकताना पहिली पाच-सहा उदाहरणे सलग सोडवावीत आणि त्यानंतर आधीच्या प्रकरणांतील उदाहरणे त्यांच्यात मिसळावीत. क्रमचय (क्रम लक्षात घेऊन केलेली मांडणी) आणि संचय (क्रम न पाहता केलेली निवड) यांच्यात गोंधळणाऱ्या विद्यार्थ्यांना तर याचा फार उपयोग होतो, कारण त्यांची अडचण सूत्राची नसून कोणते सूत्र लावायचे याची असते. रोज एक तास बसणे हे आठवड्यातून एकदा सात तास बसण्यापेक्षा कितीतरी चांगले.

शिक्षकांना प्रश्न विचारताना “हे प्रकरण समजले नाही” असे म्हणू नये. त्यातून शिक्षकांना काहीच कळत नाही आणि ते तेच पुन्हा पहिल्यापासून सांगतात. “तिसऱ्या ओळीवरून चौथ्या ओळीवर कसे आलो ते कळले नाही, मला तिथे वजा चिन्ह यायला हवे असे वाटते” असे विचारावे. इतका नेमका प्रश्न तयार करतानाच निम्म्या वेळा उत्तर सापडून जाते. मित्राला समजावून सांगणे हाही उत्तम अभ्यास आहे, मात्र समोरच्याने मध्येमध्ये “का?” असे विचारण्याचे कबूल केलेले असावे.

शेवटी, ज्यांना गणित अजिबात जमत नाही असे वाटते, त्यांच्यासाठी मला आस्थेने काही सांगायचे आहे. गणिताची रचना एकावर एक अशी आहे, त्यामुळे आजची अडचण पुष्कळदा आजच्या प्रकरणातील नसते. बैजिक राशींचे अपूर्णांक जमत नाहीत अशी तक्रार घेऊन येणाऱ्याला मी २/३ भागिले ४/५ का उलटवून गुणतात असे विचारतो, आणि बहुतेक वेळा गाठ तिथेच सापडते. भागाकार म्हणजे ४/५ ला कशाने गुणले असता २/३ मिळतील याचा शोध, हे लक्षात आले, की ५/४ ने गुणण्याचे कारण समजते आणि वरच्या वर्गातील बरीच उदाहरणे सुटू लागतात. तेव्हा दोन-तीन इयत्ता मागची पुस्तके उघडायला संकोच वाटू देऊ नये. लहान वर्गाचे पुस्तक मोठ्या वयात फार वेगाने वाचून होते. कित्येक प्रकरणे एका बैठकीत संपतात. कुठून सुरुवात करावी हे कळत नसेल, तर मागील इयत्तांच्या पुस्तकांतील प्रत्येक सरावसंचातील शेवटचे एक उदाहरण कोऱ्या कागदावर सोडवत यावे. ज्या संचापाशी पहिल्यांदा हात थांबेल, त्या पानावर खूण घालावी आणि दुसऱ्या दिवशीचा अभ्यास तिथून सुरू करावा.